दूरच्या लक्ष्यासाठी गोळीची निवड : शिकारीपासून नेमबाजीच्या मैदानापर्यंत

प्रास्ताविक

रायफलमधून सुटलेली गोळी दूरच्या लक्ष्यावर अचूक पोहोचावी यासाठी कोणती गोळी निवडावी, हा प्रश्न एकेकाळी प्रामुख्याने शिकाऱ्यांचा होता. उत्तर अमेरिकेत एल्क या सांबराच्या कुळातील मोठ्या हरणाच्या शिकारीसंदर्भात तो आजही चर्चिला जातो. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमामुळे हौसेच्या शिकारीचा काळ संपला. ज्या पनवेल तालुक्यात कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे, तेथे तर शिकारीचा विचारही अप्रस्तुत ठरावा. तथापि प्रश्न संपला नाही; तो क्रीडा-नेमबाजीच्या मैदानावर आला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी पनवेलमध्ये लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केल्यापासून येथील अनेक शाळकरी व महाविद्यालयीन मुले या खेळाकडे वळली आहेत. 'सर्वांत चांगली गोळी कोणती?' हा प्रश्न आता त्यांचे पालक विचारतात. या प्रश्नाची शास्त्रीय बाजू स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गोळीचा प्रवास

नळीतून बाहेर पडताच गोळीवर दोन बलांचा परिणाम सुरू होतो : गुरुत्वाकर्षण आणि हवेचा रोध. ५० मीटर रायफल प्रकारात वापरल्या जाणाऱ्या .२२ च्या गोळीचे उदाहरण घेऊ. तिचा व्यास ५.६ मिलिमीटर, वजन सुमारे २.६ ग्रॅम आणि सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ३२८ मीटर असतो. ५० मीटर अंतर कापण्यास तिला ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. हा घसरा दर वेळी तेवढाच राहिला, तर दुर्बीण अथवा माशी त्यानुसार जुळवून घेता येते. खरी अडचण वेगातील चढ-उताराची आहे. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असला, तर लक्ष्यावर त्यांच्यात सुमारे ७ मिलिमीटरचे उभे अंतर पडते. ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे गांभीर्य कळते.

वाऱ्याचा परिणाम याहून फसवा असतो. गोळी वाऱ्याने किती सरकेल, हे तिच्या एकूण प्रवासकाळावर अवलंबून नसते. रोध नसता तर लागला असता तो वेळ आणि प्रत्यक्षात लागलेला वेळ यांतील फरकावर ते अवलंबून असते. वरील गोळीच्या बाबतीत हा फरक सेकंदाच्या हजारांश भागांत मोजावा लागतो. तरीही सेकंदाला ३ मीटर वेगाचा आडवा वारा तिला सुमारे दीड सेंटिमीटर बाजूला नेतो, म्हणजे थेट दहाच्या वर्तुळाबाहेर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अधिक वेगवान गोळी अधिक अचूक, असे अनेकांना वाटते. ३० अंश सेल्सिअस तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. ध्वनीहून वेगाने निघालेली .२२ ची गोळी वाटेतच ध्वनीच्या वेगाखाली येते आणि त्या संक्रमणात तिच्यावरील रोध झपाट्याने बदलतो. म्हणूनच स्पर्धेसाठीची काडतुसे मुद्दाम ध्वनीहून कमी वेगाची बनवली जातात.

सजीव लक्ष्य : एल्कचे उदाहरण

प्रौढ नर एल्कचे वजन ३०० किलोग्रॅमच्या पुढे जाते. त्याच्यासाठी १२ ते १३ ग्रॅम वजनाची, सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटणारी, लांबट व निमुळती गोळी निवडली जाते. कारण अशा आकाराला हवेचा रोध कमी होतो. परंतु येथे अचूकतेइतकीच दुसरी अट महत्त्वाची असते. गोळी शरीरात शिरल्यावर तिचे टोक पसरले पाहिजे. ती फार मऊ असेल तर जवळून मारल्यास वरच्यावर फुटते. फार कठीण असेल तर दूरवर, वेग मंदावल्यावर, पसरतच नाही आणि आरपार निघून जाते. दोन्ही वेळी जखमी जनावर जंगलात पळून जाते व हालहाल होऊन मरते.

५०० मीटर अंतर कापण्यास अशा गोळीला सुमारे दोन-तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्यात हरणाने एक पाऊल टाकले, तर नेम चुकलाच. सेकंदाला ३ मीटरचा आडवा वाराही तिला ३० सेंटिमीटरहून अधिक सरकवतो, आणि हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण तेवढ्याच रुंदीचा असतो. गोळी कितीही उत्तम असली तरी त्या पावलाचा अंदाज ती देऊ शकत नाही. सजीव लक्ष्याच्या बाबतीत 'किती अंतरापलीकडे बार टाकायचा नाही' हे ठरवणे, हीच गोळीच्या निवडीची पहिली पायरी होय.

मैदानावरील निवड

कागदी लक्ष्याला वेदना नसते, त्यामुळे मैदानावर गोळी पसरण्याची अट उरत नाही. राहते ती केवळ सातत्याची. एअर रायफलची ४.५ मिलिमीटरची पेलेट तर मुद्दाम सपाट तोंडाची असते, कारण तिने कागदावर स्वच्छ गोल छिद्र पाडावे एवढीच अपेक्षा असते.

परंतु सातत्य हा एकट्या गोळीचा गुण नाही. प्रत्येक नळीचा अंतर्व्यास, तिच्यातील सर्पिल खाचा आणि बार होताना तिला बसणारा कंप यांत सूक्ष्म भेद असतात. त्यामुळे एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या, परंतु दोन वेगळ्या लॉटच्या गोळ्या एकाच नळीतून वेगवेगळा परिणाम देतात. एका खेळाडूच्या रायफलला मानवलेला लॉट दुसऱ्याच्या रायफलला मानवेलच असे नाही. पेलेटच्या डब्यावर ४.४९, ४.५० अशी मिलिमीटरच्या शतांशातील मापे छापलेली असतात, ती याच कारणाने. 'सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले' हा पालकांचा समज त्यामुळे टिकत नाही. आंतरराष्ट्रीय स्तरावरील नेमबाज रायफल घट्ट आवळून वेगवेगळ्या लॉटची चाचणी करतात आणि जुळलेला लॉट मोठ्या संख्येने राखून ठेवतात.

चाचणी आणि संख्याशास्त्र

चाचणीच्या पद्धतीतही एक चूक सर्रास आढळते. पाच गोळ्या झाडायच्या, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर मोजायचे आणि ज्या लॉटचे अंतर कमी तो निवडायचा, ही प्रचलित रीत. हे अंतर केवळ दोन टोकाच्या छिद्रांवर ठरते. उरलेल्या तीन छिद्रांमधील माहिती वाया जाते. शिवाय नमुन्याचा आकार वाढला की हे अंतर आपोआप वाढते. एकाच नळीतून, एकाच लॉटच्या दहा गोळ्यांचा समूह पाच गोळ्यांच्या समूहापेक्षा सरासरीने सुमारे २५ टक्के मोठा येतो. अशा वेळी गोळी बिघडलेली नसते. तो केवळ संभाव्यतेचा नियम असतो.

अधिक विश्वसनीय मार्ग असा : प्रत्येक लॉटच्या किमान वीस गोळ्या एकाच दिवशी, लॉट आलटून-पालटून झाडाव्यात, सर्व छिद्रांचा मध्यबिंदू काढावा, आणि त्या मध्यापासून प्रत्येक छिद्राच्या अंतराची सरासरी घ्यावी. डिसेंबरच्या सकाळची चाचणी मे महिन्यातील पनवेलच्या दुपारी तशीच लागू पडेल असे गृहीत धरू नये, कारण दारूच्या ज्वलनाचा वेग तापमानानुसार बदलतो. भौतिकशास्त्र व संख्याशास्त्राच्या विभागांना संयुक्त प्रकल्पासाठी हा विषय सहज घेता येईल. त्यासाठी बंदुकीचीही गरज नाही. खेळाडूंनी वापरून झालेली कागदी लक्ष्ये आणि एक मोजपट्टी पुरेशी आहे.

शिशाचा प्रश्न

गोळीच्या निवडीत आरोग्याचा विचार अलीकडे अपरिहार्य झाला आहे. शिशाच्या गोळीचे कण शिकारीच्या मांसात व अवशेषांत राहतात. ते अवशेष खाणाऱ्या काँडोर गिधाडांना विषबाधा होत असल्याने कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. आपल्या मैदानांवरील पेलेट आणि .२२ च्या गोळ्या आजही बहुतांशी शिशाच्याच असतात. वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूसाठी शिसे विशेष घातक आहे. सरावानंतर हात धुणे, मैदानावर काही न खाणे, पेलेट तोंडात न धरणे आणि बंदिस्त जागेत वायुवीजन राखणे, या बाबी प्रशिक्षणाचा भाग असल्या पाहिजेत.

समारोप

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. अशा यशानंतर मैदानांकडे येणाऱ्या मुलांची संख्या वाढते आणि पालकांच्या खर्चाचा प्रश्नही तितकाच तीव्र होतो. वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की सर्वोत्तम गोळी अशी कोणतीही वस्तू अस्तित्वात नाही. विशिष्ट नळी, विशिष्ट अंतर व विशिष्ट हवामान यांना जुळणारी गोळी असते, आणि ती जाहिरातीने नव्हे तर मोजमापाने सापडते. मोजण्याची ही सवय विद्यार्थ्याला लागली, तर पदक न मिळताही मैदानावर गेलेला त्याचा वेळ सार्थकी लागला असे समजावयास हरकत नाही.