माशांच्या पेटीसाठी घरगुती गाळणी

सांबऱ्यातील एका घरची ही हकीकत आहे. परीक्षेत चांगले गुण मिळविल्याबद्दल वडिलांनी मुलाला बेळगावहून काचेची पेटी व चार रंगीत गप्पी मासे आणून दिले. मुलगा मोठा काळजीवाहू. दररोज सकाळी तो पेटी रिकामी करी, घासूनपुसून लख्ख करी व नळाचे ताजे पाणी भरी. आठवडा संपण्यापूर्वीच चारही मासे मेले. "फादर, माझं काय चुकलं?" असे त्याने डोळ्यांत पाणी आणून विचारले. त्याची चूक आळसाची नव्हती, अतिस्वच्छतेची होती.

मासा ज्या पाण्यात राहतो, त्याच पाण्यात त्याचा मळ मिसळतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. नदीच्या वाहत्या पाण्यात तो पांगून जातो, परंतु चार भिंतींच्या पेटीत साचून विष बनतो. मुंबईस १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तेथील नितळ पाणी आठवत असेल. ते केवळ वरवर गाळलेले नसे. अमोनियाचे रूप पालटणारे सूक्ष्म जंतू गाळणीत वस्ती करून असतात. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट बनवितात. तेही विषारीच. मग दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते थोड्या प्रमाणात माशांस सोसते.

हा शोध बराच जुना आहे. १८७७ साली श्लोझिंग व म्युंट्स या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी सावकाश गाळले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते काम थांबले. यावरून हे काम सजीवांचे आहे, हे सिद्ध झाले. आपल्या गाळणीचे मर्मही हेच. तिला सवड द्यावी लागते, आणि तिच्यातील जीव मारता कामा नयेत.

आता गाळणी कशी करावी ते पाहू. साहित्य थोडे आहे: स्वच्छ, रंग न उतरणारा स्पंजाचा एक जाड तुकडा, अर्ध्या इंची प्लॅस्टिकची वीतभर नळी, हवेची बारीक रबरी नळी व हवा सोडणारा लहान पंप. विकत घ्यावा लागतो तो मुख्यतः पंपच; बाकी बरेच साहित्य घरात सापडते. जाड नळीच्या खालच्या अर्ध्या भागास सळई तापवून बारीक भोके पाडावीत. हे काम वडीलधाऱ्यांनी करावे. तळाचे तोंड बुचाने बंद करावे. स्पंजाला मधोमध छिद्र करून तो भोकांच्या भागावर घट्ट बसवावा. रबरी नळीचे टोक जाड नळीत वरून खाली, स्पंजापर्यंत सोडावे. स्पंज तरंगू नये म्हणून त्यास धुतलेला दगड बांधावा.

पंप सुरू होताच नळीतील पाण्यात बुडबुडे मिसळतात. बुडबुड्यांचे पाणी बाहेरच्या पाण्याहून हलके, म्हणून ते वर चढते व त्याच्या जागी स्पंजातून नवे पाणी ओढले जाते. गाळ स्पंजात अडकतो, जंतूंना प्राणवायू मिळतो. खानापुरी कौलाचे, झिलई नसलेले तुकडे धुऊन तळाशी टाकल्यास त्यांच्या सच्छिद्र अंगावरही जंतूंची वस्ती वाढते.

एक खबरदारी विसरू नये. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. वीज गेली असता पेटीतील पाणी नळीतून उलटे पंपात उतरते व पंप बिघडतो. विजेचा धक्का बसण्याचेही भय असते. आपल्याकडे वीज जाणे नवे नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो माशांना व जंतूंना दोघांनाही घातक. ते पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे. विहिरीचे पाणी चालते, परंतु तीत नुकतीच टीसीएल पूड टाकली असल्यास थांबावे. पेटी दररोज रिकामी करू नये. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. स्पंज मळला, तर नळाखाली धुऊ नये व साबण तर मुळीच लावू नये. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. जंतूंची वस्ती बसावयास चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आरंभी दोन-तीनच मासे ठेवावेत. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. उरलेले कुजून पुन्हा अमोनियाच होतो.

ज्या गप्पी माशांसाठी हा खटाटोप, ते केवळ शोभेचे नाहीत. डासांच्या अळ्या ते आवडीने खातात, म्हणून हिवतापाच्या निर्मूलनासाठी विहिरी व हौद यांत ते सोडण्याची प्रथा आहे. मात्र नदी-ओढ्यांत त्यांस सोडू नये. तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.

सांबऱ्याच्या त्या मुलाने पुन्हा पेटी मांडली आहे. या खेपेस मासे आणण्यापूर्वी त्याने स्पंजाची गाळणी केली आणि तीनच मासे सोडले. आता तो रोज पेटी घासत नाही. पाणी गढूळ झाले की नाही, मासे नीट पोहतात की वर येऊन श्वास घेतात, हे बसून पाहतो. मुलांच्या हाती सजीव वस्तू द्यावयाची, तर तिच्या जगण्याची रीतही त्यांना शिकवावी, म्हणजे प्रेमाची परिणती पश्चात्तापात होणार नाही.