अर्ध्या तिकिटाचा हिशेब

गाडी विजेवर धावली की धूर थांबतो. पण तिच्यात बसणे कुणाला परवडते, हा प्रश्न उरतोच.

जुलै २०२१च्या राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात उद्दिष्ट होते : २०२५पर्यंत नव्या नोंदणीत १० टक्के वाहने आणि एसटीच्या १५ टक्के बस विजेच्या. शहरी सार्वजनिक वाहतुकीसाठी निवडलेल्या सहा शहरांत आपले शहरही होते. २०२५च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना व बसना टोल माफ केला. त्या रस्त्यावर दुचाकी-तीनचाकीला मुळात प्रवेशच नाही. म्हणजे माफीचा लाभ मोटारवाल्याला, नाहीतर बसच्या प्रवाशाला.

मराठवाड्यात सरकारी बस एसटीहून जुनी. निझामाच्या रेल्वेने १९३२मध्ये २७ बसगाड्यांनिशी ही सेवा सुरू केली होती. आज कन्नड-सिल्लोडहून घाटीत दाखवायला येणाऱ्या बाईला आधार एसटीचाच. मार्च २०२३पासून तिला अर्धे तिकीट लागते. या निर्णयात बॅटरी नाही, चार्जिंग नाही. तरी वाहतूक न्याय्य करणारा तो मोठा निर्णय आहे.

पण सवलत बस असेल तरच. २०२१च्या दिवाळीत संपामुळे एसटी थांबली आणि खेड्यांना पर्याय उरला तो खच्चून भरलेल्या जीपचा. एकाच आधारावर उभी असलेली व्यवस्था किती कच्ची असते, ते तेव्हा दिसले.

म्हणून धोरण मोजावे ते विकल्या गेलेल्या मोटारींवर नव्हे, तालुक्याच्या स्थानकातून वेळेवर सुटणाऱ्या विजेच्या बसवर. स्वच्छ हवा आणि अर्धे तिकीट एकत्र येतात ते तिथेच.