कोबीत मोहरी कशाला?

धानाची कापणी झाली की आमच्या प्रतापगडात ज्यांच्याकडे विहिरीचे पाणी आहे ते पत्ताकोबी, फुलकोबी लावतात. आमच्याही वाडीत असते. यंदा बाबांनी कोबीभोवती मोहरी पेरली तेव्हा आजी म्हणाली, "कोबीत मोहरी कशाले रे?" त्याचे कारण मी सांगते.

कोबीचा मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. असतो केवढा, तर धानाच्या दाण्याएवढा! पंख मिटून बसला की पाठीवर पांढरट चौकटी दिसतात. त्याची हिरवी अळी पान खालून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तेवढा ठेवते. पान उजेडात धरा, खिडक्या दिसतील. अळीला काडी लावा, ती वळवळत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळते. आम्हाला गंमत वाटते, बाबांना नाही वाटत.

औषध मारले की झाले, असे पुष्कळांना वाटते. पण या किडीची एक पिढी तीनेक आठवड्यांत पुरी होते. औषधातून ज्या अळ्या वाचतात त्यांचीच प्रजा वाढते आणि तिला ते औषध लागत नाही. जावा बेटावर १९५३ सालीच ही कीड डी.डी.टी.ला दाद देईनाशी झाली. शिवाय त्याच फवाऱ्याने अळीच्या अंगात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी मरते, मावा खाणारा ढालकिडाही मरतो. पैसा आपला, मदतनीस आपले, आणि तो कोबी खाणारेही आपणच.

मोहरी ही कोबीचीच नातलग. तिच्या वासाने पतंगाची मादी तिकडे ओढली जाते आणि अंडी मोहरीवर घालते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने हिशेब दिला आहे: कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी. एक ओळ कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी, दुसरी लावल्यावर २५ दिवसांनी. म्हणजे पहिली जून झाली तरी दुसरी कोवळी असते. आमचा वाफा लहान, म्हणून बाबांनी कडेनेच पेरली. मोहरीवर लक्ष मात्र ठेवावे लागते, नाहीतर तेच किडीचे माहेर व्हायचे!

त्यासाठी निंबोळी अर्क. बियांच्या आतल्या गराचा ५० ग्रॅम भुगा रात्रभर पाण्यात भिजवायचा, फडक्याने गाळून १ लिटर करायचा, थोडा साबणचुरा घालायचा. फवारणी ऊन कलल्यावर, कारण उन्हात त्याचा जोर जातो. निंबोळ्या मात्र पावसाळ्याच्या तोंडालाच वेचून, वाळवून ठेवाव्या लागतात. ते काम आम्हा मुलांचे.