जागा पाहून झाड

पावसाळा तोंडावर आला की शहरोशहरी वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. किती रोपे लागली याचे आकडे प्रसिद्ध होतात; कोणते रोप कोठे लावले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः शहरातील झाड ही कित्येक दशकांची गुंतवणूक असते. तिच्या निवडीत झालेली चूक रोप लावणाऱ्याला सहसा भोगावी लागत नाही. ती पुढच्या पिढीच्या भिंतीवर, गटारावर आणि प्रसंगी पादचाऱ्याच्या माथ्यावर कोसळते.

आपल्या रस्त्यांवरील वृक्षराजी बरीचशी परदेशी आहे. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष व गिरिपुष्प उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, तर पिचकारी आफ्रिकेतील. यांच्या लोकप्रियतेचे कारण सौंदर्याइतकेच आर्थिकही आहे. ही झाडे झपाट्याने वाढतात आणि थोड्या अवधीत हिरवळ दाखवता येते. पुढचा खर्च मात्र कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. २०१० नंतरच्या दशकात मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने वाळले, तेव्हा एकाच जातीवर भिस्त ठेवण्यातील धोकाही स्पष्ट झाला.

यावर ‘देशी झाडे लावा’ हा उपाय सुचवला जातो. तो योग्यच आहे. परंतु केवळ देशीपणाने प्रश्न सुटत नाही. वड आणि पिंपळ पूर्णपणे आपले असले, तरी अरुंद पदपथावर ते फरशी उखडतात आणि भिंती फोडतात. त्यांची जागा मैदानात, मोठ्या उद्यानात. रुंद रस्त्याच्या कडेला कडुनिंब व करंज दाट सावली देतात. अरुंद गल्लीत, विजेच्या तारांजवळ, बहावा किंवा कांचन यांसारखी आटोपशीर झाडे बरी. राज्यपुष्पाचा मान असलेले तामण मूळचे ओलाव्याच्या जागेतले. कोकणात ते सहज फुलते, पण पुण्याच्या मुरमाड टेकडीवर त्याची आबाळ होते. तिथे पळस आणि सालई शोभतात. नदी-ओढ्याच्या काठी अर्जुन, तर खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर उंडी आणि भेंड टिकतात. एकाच राज्यात मुंबईला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक आणि पुण्याला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडत असताना दोन्ही शहरांसाठी एकच यादी कशी चालेल?

घरगुती बागेलाही हाच न्याय लागू आहे. इमारतींच्या आडोशाला, थोड्या सावलीत व ओलाव्यात सीता-अशोक रमतो. मात्र बाजारात ‘अशोक’ म्हणून पुष्कळदा मिळतो तो उंच, सरळसोट आसुपालव. त्याचा खऱ्या अशोकाशी संबंध नाही. कुंपणाला अडुळसा आणि कोरांटी पुरेशी आहेत. अंगणच नसेल, तर गच्चीवरच्या कुंडीतील कढीपत्ताही काही फुलपाखरांच्या अळ्यांना पोसतो.

मग अशी रोपे लागत का नाहीत? मागणी नाही म्हणून रोपवाटिका ती वाढवत नाहीत, आणि रोपवाटिकेत नाहीत म्हणून कोणी मागत नाही. हे चक्र हौशी नागरिकाला एकट्याने मोडता येणार नाही. ते मोठा ग्राहकच मोडू शकतो, आणि असा ग्राहक म्हणजे महानगरपालिका. जातवार व जागावार मागणी दोन-तीन वर्षे आधी नोंदवली, तर पुरवठा आपोआप उभा राहील.

कायद्याचा आधार आहेच. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा असून त्यानुसार वृक्ष प्राधिकरणे स्थापन झाली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्ष मानले. परंतु आज जे वारसावृक्ष ठरतात, ते पूर्वी कोणीतरी जागा पाहून लावले म्हणूनच टिकले. प्राधिकरणांनी म्हणूनच किती खड्डे खणले याऐवजी सातव्या वर्षी किती झाडे उभी आहेत आणि ती त्या जागेला साजेशी आहेत काय, याचा ताळेबंद दरवर्षी नागरिकांपुढे ठेवावा. रोपांच्या खरेदीवर होणारा सार्वजनिक खर्च तेव्हाच सत्कारणी लागला असे म्हणता येईल.