ड्रायर फिरतो, पण तापत नाही?

कलबुर्गीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दोरीवरचे कपडे पाहता पाहता वाळतात. बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण किंवा कलबुर्गीतील आळंद येथील मराठी घरांना ड्रायरची आठवण होते ती पावसाळ्यात; गोव्यात तर ती अधिकच. नेमका तेव्हाच तो तापेनासा होतो.

प्रथम यंत्र ओळखावे. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमधील ‘ड्रायर’ केवळ वेगाने फिरून पाणी काढून टाकतो. त्यात हीटर नसतोच. हीटरचा स्वतंत्र ड्रायर असल्यास विजेचा दाब तपासावा. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून २३० व्होल्टवर २,००० वॉट देणारा हीटर १८० व्होल्टवर जेमतेम १,२२५ वॉट देतो. असा ड्रायर बिघडलेला नसतो, उपाशी असतो.

दाब योग्य असल्यास जाळीवर व हवेच्या नळीत साचलेले तंतू काढावेत. त्यानंतर प्लग काढून, हीटरची एक तार सोडवून मल्टिमीटर लावावा. २,००० वॉटच्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम येतो. काहीच नोंद न आल्यास कॉइल तुटली आहे. थर्मल फ्यूजचा रोध जवळपास शून्य हवा. तो जळालेला असल्यास त्याच क्षमतेचा नवा बसवावा. तारेने थेट जोडणी मात्र कदापि करू नये, कारण कोंडलेली उष्णता आगीला निमंत्रण देते. फ्यूज जळण्यामागे बहुधा हवेचा अडलेला मार्ग असतो. तो मोकळा केल्याविना दुरुस्ती टिकत नाही.