पैशाची शिदोरी



तुकोबांची पालखी दर आषाढींत बारामतीवरून इंदापुराकडे जाते. तिच्यासंगें चालणाऱ्या वारकऱ्याच्या कनवटीचा रुपया देहूंत चालतो, तसाच पंढरपुरांतहि चालतो. समुद्रापलीकडे मात्र त्याला सहसा कोणी हात लावीत नाहीं. आपल्या तालुक्यांतील कित्येक आईबाप आतां मुलानातवंडांस भेटावयास परदेशीं जातात. यास्तव या शिदोरीचा विचार करूं.

दुसरें महायुद्ध सुरू होतांच १९३९ मध्यें सरकारनें परकीय चलनावर नियंत्रण घातलें, व १९४७ आणि १९७३ च्या कायद्यांनीं तें कायम राखलें. १९५९ मध्यें तर हजयात्रेकरूंसाठीं रिझर्व्ह बँकेनें दहा व शंभर रुपयांच्या निराळ्या नोटा काढल्या. त्या भारतांत चालत नसत. देशाच्या गंगाजळींत परकीय चलन थोडें, आणि धान्य, तेल व यंत्रें यांची निकड मोठी, हें त्या कडकपणाचें कारण. १९९९ चा नवा कायदा १ जून २००० पासून अंमलांत आला आणि सरकारची दृष्टि बदलली.

आज प्रवास, शिक्षण इत्यादि सर्व कारणें मिळून निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षांत २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं नेतां वा पाठवितां येते. परंतु रोख नोटा एका प्रवासास सामान्यतः ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात. उरलेली रक्कम प्रवासी कार्डावर भरून घ्यावी. नेपाळ व भूतान वगळतां भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत जवळ ठेवतां येतात. परतल्यावर गांवीं येण्याच्या भाड्यास त्या उपयोगीं पडतात.

चलन घ्यावें तें अधिकृत बँकेकडून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच. पासपोर्ट व पॅन कार्ड जवळ असावें. किंमत ५०,००० रुपयांहून अधिक झाल्यास ती रोख न देतां बँकेमार्फत द्यावी. पावती मात्र जपून ठेवावी. कोणी ओळखीचा मनुष्य स्वस्तांत डॉलर देऊं लागला, तर त्या चार पैशांच्या लाभाकडे पाहूं नये. तो व्यवहार बेकायदा असतो आणि त्याची पावती मिळत नाहीं. जन्मभर दुसऱ्याच्या काडीसहि न शिवलेल्या माउलीला मग अधिकाऱ्यांसमोर उत्तर द्यावें लागतें.

परततांना नोटा ५,००० डॉलरहून अधिक, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरहून अधिक असल्यास कस्टम्सकडे तसें लिहून द्यावें. उरलेल्यांपैकीं २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवतां येतात. बाकीचे १८० दिवसांच्या आंत बँकेस परत विकावे.

वारींतला शहाणा मनुष्य सगळा शिधा एकाच गांठोड्यांत बांधीत नाहीं. तुम्हीहि थोड्या नोटा अंगावर, थोड्या सोबत्याकडे व कार्ड निराळें, अशी वाटणी करा, म्हणजे एक पाकीट हरवलें तरी परक्या मुलखांत उपाशी राहण्याची वेळ येणार नाहीं.