डोळ्यांचे पहारेकरी

‘डोळ्याचे पाते लवते न लवते तोच’ असे आपण म्हणतो, तेव्हा अत्यंत थोडा काळ आपल्या मनात असतो. पाते लवण्याच्या या क्रियेला संस्कृतात ‘निमेष’ म्हणतात. देवांच्या पापण्या लवत नाहीत अशी प्राचीन कल्पना होती. म्हणून त्यांना ‘अनिमिष’ असे नाव मिळाले. मौज अशी की, ‘अनिमिष’ या शब्दाचा दुसरा अर्थ मासा असा आहे! बहुतेक माशांना पापण्या नसतात. सदैव पाण्यात असलेल्या डोळ्यांना त्यांची गरजही भासत नाही. आपण मात्र वारा, धूळ आणि ऊन यांत वावरतो. आपले डोळे ओले ठेवण्याचे आणि त्यांच्यावर पहारा करण्याचे काम पापण्यांकडे आहे.

वरवर पाहता पापणी म्हणजे कातडीची एक घडी वाटते. परंतु तिची रचना मोठी कुशल आहे. तिच्यावरील त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते. त्वचेखाली डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू असतो. वरची पापणी उचलून धरणारा स्नायू निराळा. त्यांच्या आत चिवट तंतूंची एक पट्टी असून तिच्यामुळे पापणीला आकार येतो. सर्वांत आत, डोळ्याला लागून, गुळगुळीत गुलाबी अस्तर असते.

या चिवट पट्टीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथींची ओळ असते. वरच्या पापणीत त्या सुमारे २५ ते ४० असतात, तर खालच्या पापणीत २० ते ३०. हाइन्‍रिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले; म्हणून त्यांना मायबोम ग्रंथी म्हणतात. आपण मिनिटाला साधारणपणे १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी अश्रूंचा थर डोळ्यावर सारखा पसरतो आणि त्यावर तेलाचा पातळ लेप बसल्याने तो लवकर सुकत नाही. वाचताना किंवा पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात. म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

असा हा पहारेकरीही कधीकधी आजारी पडतो. पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत जंतू शिरले की तेथे लाल, दुखरी पुळी येते. हीच रांजणवाडी. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने दिवसातून काही वेळा शेकल्यास ती बहुधा आपोआप बरी होते. ती दाबून फोडणे मात्र धोक्याचे असते. तेलाच्या ग्रंथीचे तोंड बुजले, तर फारशी न दुखणारी गाठ येते. कधी पापण्यांच्या कडांना कोंडा धरतो व खाज सुटते. काही मुलांची एखादी पापणी जन्मतःच लोंबती असते. ती बाहुलीवर आली, तर तो डोळा नीट पाहायला शिकतच नाही. म्हणून अशा मुलाला लहानपणीच डॉक्टरांना दाखवावे लागते.

या सर्वांहून भयंकर रोग म्हणजे खुपऱ्या. त्याचे जंतू हात, रुमाल व माश्या यांमार्फत पसरतात. ते वारंवार शिरले की पापणीचे अस्तर खरखरीत होते, त्यावर व्रण पडतात आणि पापणी आत वळते. मग तिचे केस बुबुळावरील पारदर्शक पटलाला घासू लागतात. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार! पाते लवेल तितक्या वेळा डोळा ओरबाडला जातो आणि शेवटी दृष्टी जाते. आपल्या देशात या रोगाने असंख्य लोकांना अंधत्व आले. १९६३ साली त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. औषधे, शस्त्रक्रिया, स्वच्छ पाणी आणि चेहरा धुण्याची सवय यांच्या बळावर ती चालली. आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्यांचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले.

मुलांनो, या विजयात औषधांइतकाच वाटा साध्या स्वच्छतेचा आहे, हे विसरू नका. मळक्या हातांनी डोळे चोळू नयेत, दुसऱ्याचा रुमाल किंवा काजळाची डबी वापरू नये आणि रोज चेहरा स्वच्छ धुवावा. पापणीची सूज वाढली किंवा दिसण्यात फरक पडला, तर घरगुती उपायांत दिवस न दवडता डॉक्टरांकडे जावे. जन्मभर आपले डोळे राखणाऱ्या या पहारेकऱ्यांना राखणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.